माळवद गळतंय? माती टाकण्याआधी किलचन बघा

मृगाच्या आधी माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, चार टोपल्या पांढरी माती टाकून दाबून घ्यायची, ही मराठवाड्याच्या गावठाणातली जुनी रीत. गळती थांबते, पण वजन चढत जातं. फूटभर जाडीची माती दर चौरस फुटाला साधारण ४५ किलो भरते. दहा बाय दहाच्या खोलीवर साडेचार टन, भिजली की आणखी. हा सगळा भार आधी किलचनावर, म्हणजे मातीखालच्या लाकडी फळ्यांवर, आणि तिथून तुळयांवर येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपात माणसं दबली ती जाड दगडी भिंती आणि अशाच थरावर थर चढलेल्या माळवदांखाली.

मोठा पाऊस होऊन दोन दिवस झाले की खालून बॅटरी मारून बघा. पांढरी बुरशी, काळे डाग, वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसतात का? सकाळी अंथरुणावर बारीक माती सांडलेली असते का? मग पेचकस टोचा. चांगल्या लाकडात टोक अडतं. पाव इंचाच्या पुढं सहज घुसलं तर ते लाकूड गेलं. सगळ्यात आधी तुळईचं भिंतीत दडलेलं टोक तपासा. तिथं हवा लागत नाही, ओल मुरते. मधली तुळई ठणठणीत आणि टोकाचा भुसा, असं नेहमी सापडतं. लांबीच्या दिशेनं गेलेल्या बारीक चिरा सुकण्याच्या असतात, त्यांना घाबरू नये. आडवी चीर मात्र वाईट. तुळईखाली सुतळी ताणा: दहा फुटांत अर्धा इंच झोल जुन्या घरात चालून जातो, इंचभर असेल किंवा दरवर्षी वाढत असेल तर त्याच दिवशी टेकू द्या.

एखाद-दुसरी फळी कुजली तर तेवढीच बदला. पण दोन तुळयांमधल्या खणात दर चार फळ्यांमागे एक गेली असेल तर अख्खा खण उघडा, कारण उरलेल्यांनीही तेच पाणी प्यालेलं असतं. तुळईचं टोक गेलं असेल तर गावातल्या जाणत्या सुताराशिवाय हात लावू नका.

काम चैत्र-वैशाखातच. आधी दोन्ही बाजूंच्या तुळयांना टेकू, टेकूखाली जाड फळी, नाहीतर तो जमिनीत रुततो. खोली रिकामी करा. माती सगळीकडून सारखी, वीत-वीतभर काढत खाली उतरवा. शेजारच्या खणावर ढीग लावला की तोच खचतो. उघड्या किलचनावर पाय देऊ नका, तुळईवर आडवी फळी टाकून उभं राहा.

नवी फळी इंचभर जाड, वाळलेली, दोन्ही टोकं तुळईवर किमान दोन इंच टेकलेली. सागवान परवडलं तर उत्तम. ओली बाभूळ नकोच, वाळताना पिळते. वाळवीचं औषध सगळ्या बाजूंनी, कापलेल्या टोकांना दोनदा. वर पाला, मग चाळलेली माती, आणि एकूण जाडी ६ ते ८ इंचांवर थांबवा. प्लास्टिकचा कागद घालायचाच तर मातीच्या मधोमध. लाकडाला चिकटवला तर ओल आत कोंडते. पन्हाळाकडे चार फुटाला इंचभर उतार ठेवा आणि पन्हाळ भिंतीपासून फूटभर पुढं काढा, नाहीतर गळणारं पाणी पुन्हा तुळईच्या टोकातच मुरतं.