मोठ्या सायकल रोड रेसमध्ये घोळक्यात कुठे राहायचं

पहिल्यांदा शंभर-दीडशे जणांच्या रेसमध्ये उतरणार असाल तर एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा, घोळक्याच्या शेपटीला राहू नका. मागे आरामात जाऊ असं वाटतं पण होतं उलटंच, वळणावर पुढचे थोडे हळू होतात, मागच्यांना जोरात ब्रेक मारावा लागतो आणि मग गॅप भरायला प्रत्येक वळणानंतर स्प्रिंट, तासाभरात पाय संपतात. अगदी पुढेही नको, तिथे सगळा वारा तुम्हीच खाणार. दुसऱ्याच्या मागे चालवलं तर साधारण २५-३० टक्के ताकद वाचते, ती फुकट का घालवायची? पहिल्या एक तृतीयांशात राहा, चढ किंवा अरुंद रस्ता येण्याआधीच पुढे सरका, आल्यावर नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक कधीच घुसवायचं नाही. तो जरा बाजूला सरकला की चाकं घासतात आणि पडता तुम्ही, वर मागचे दहाजण घेऊन! नजर चाकावर नाही, पुढच्याच्या खांद्यावरून लांब. ब्रेक हलकेच, लाईन (ज्या सरळ रेषेत चालवताय ती) एकदम बदलायची नाही. हे दोन-तीन आठवडे आधी ग्रुप राईडमध्ये करून बघा, रेसच्या दिवशी शिकायला जाऊ नका.

खाणं भूक लागायच्या आधी, पहिल्या अर्ध्या तासापासूनच, तासाला निदान ६० ग्रॅम कार्ब्स. रस्ता सरळ आणि वेग शांत असेल तेव्हाच खिशात हात घाला.