मोठ्या संख्येचे गुणधर्म तपासताय? या चुका टाळा

दरवर्षी नवी बॅच येते आणि तीच जुनी चूक करते. मागच्या वर्षी एका मुलाला २ चा ६७ वा घात वजा १ दिला होता: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, एकवीस अंकी. पठ्ठ्याने ती संख्या एक्सेलमध्ये चिकटवली आणि दोन मिनिटांत हजर. "सर, हिला १० ने भाग जातो!"

"अरे, शेवटी ७ आहे ना?"

"पण इथे शून्य दिसतंय."

दिसणारच. एक्सेल पहिले १५ अंक ठेवतं आणि पुढच्यांच्या जागी गुपचूप शून्यं बसवतं. तो बिचारा भलत्याच संख्येचे अवयव पाडत बसला होता. खरे अवयव १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. ते अमेरिकन गणिती कोलने १९०३ मध्ये दाखवले, तेही संगणकाशिवाय. मी अशा कामाला पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरतो, तिथे पूर्णांक कितीही लांब चालतो. पण तिथेही भागाकाराला एकच तिरकी रेघ दिलीत की उत्तर दशांशात येतं आणि पुन्हा अंक गळतात. दोन रेघा द्या. बाकी हवी तर टक्क्याचं चिन्ह.

दुसरी चूक उतावळ्यांची. २, ३, ५, ७, ११, १३ ने भाग गेला नाही की लगेच "मूळ संख्या" म्हणून मोकळे. ४२९४९६७२९७ घ्या, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. शंभरपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघा, एकीनेही भाग जात नाही. पण वर्गमूळ ६५५३६ च्या जरासं पुढे आहे, म्हणजे तिथवर जायला हवं. फ्रेंच गणिती फर्माही हिला मूळ समजत होता. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने तोडली: ६४१ × ६७००४१७. गंमत अशी, की हिचा प्रत्येक मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो. अशा मूळ संख्या ओळीने घ्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारात काम फत्ते. आधी संख्येची घडण बघा, भागाकार मग. शॉर्टकट मला आवडत नाहीत, पण हा शॉर्टकट नाही, हा विचार आहे.

विभाजक मोजताना घातांकांत १ मिळवायला विसरू नका. ७३५१३४४०० = २^६ × ३^३ × ५^२ × ७ × ११ × १३ × १७, म्हणून विभाजक ७ × ४ × ३ × २ × २ × २ × २ = १३४४.

अंकांची बेरीज ३ आणि ९ साठी, ७ साठी नाही. २५ ची बेरीज ७ येते, पुढे काय ते बघा.

शेवटी ६ आहे म्हणून पूर्ण वर्ग? २६ ला विचारा.

गुणाकार पडताळायला नवाची कसोटी (अंकांच्या बेरजा ताडून पाहणं) मी रोज लावतो, पण दोन अंकांची अदलाबदल झाली तर ती चूक तिला सापडत नाही. म्हणून संख्या उतरवली की उजवीकडून तीन-तीन अंक मोठ्याने वाचतो. घरचे हसतात.