संगणकावरून मोबाइलमार्फत एसएमएस पाठवताना या चुका टाळा

जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी पाठवला गेला आणि तो संगणकावरच टंकलेला होता. इंग्लंडमधील नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने व्होडाफोनच्या जाळ्यावरून रिचर्ड जार्विस यांना नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या होत्या. तो संगणक मोबाइल यंत्रणेला थेट जोडलेला होता. आपण घरी बसून फोन संगणकाला जोडतो आणि संगणकावर टंकून एसएमएस पाठवतो, ते निराळे आहे. आपला संगणक केवळ मोठा पडदा आणि सोयीचा कळफलक पुरवतो. संदेश मात्र शेजारी पडलेल्या फोनमधून, त्यातल्या सिमवरून आणि त्या सिमच्या रिचार्जमधून जातो. कोथरूडमधील ६४ सदनिकांच्या आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव या नात्याने सभासदांना सूचना पाठवण्याचे काम मी करतो, आणि या कामात माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक चुका एवढी एक गोष्ट विसरल्यामुळे झालेल्या आहेत. त्यांतली सर्वांत ठळक चूक माझीच होती.

पुण्यात गुरुवारी पाणी बंद राहण्याची सवय सर्वांनाच आहे. अशाच एका गुरुवारी संस्थेच्या टाक्याही धुऊन घ्याव्यात असे ठरले, म्हणून बुधवारी रात्री मी लॅपटॉपवर सविस्तर, नम्र आणि शुद्ध मराठीत सूचना टंकली, ती ६४ जणांना पाठवण्याची आज्ञा दिली आणि लॅपटॉप मिटून झोपायला गेलो. सकाळी सात वाजता डी विंगमधला एक तरुण सभासद तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत दारात उभा होता. ‘काका, निदान कळवायचं तरी!’ एवढेच तो म्हणाला. चौकशीअंती असे दिसले की, ए विंगमधील सोळाही घरांना आणि बी विंगमधील पहिल्या नऊ घरांना सूचना मिळाली होती. पुढे कोणालाच नाही. हा पंचविसाचा आकडा योगायोग नव्हता.

एका एसएमएसमध्ये मजकुरासाठी १४० बाइट, म्हणजे ११२० बिट एवढीच जागा असते. साधी रोमन अक्षरे प्रत्येकी ७ बिटांत बसतात, त्यामुळे इंग्रजी संदेशाला १६० अक्षरांची मुभा मिळते. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून मराठी संदेशाची मर्यादा ७० चिन्हांवर येते. मजकूर त्याहून लांबला की त्याचे तुकडे होतात, आणि ते पलीकडे पुन्हा जुळावेत यासाठी प्रत्येक तुकड्यातली थोडी जागा जोडणीच्या माहितीला द्यावी लागते. तेव्हा प्रत्येक तुकड्यात इंग्रजीची १५३ आणि मराठीची केवळ ६७ चिन्हे मावतात. माझी सूचना २१० चिन्हांची होती. तिचे चार तुकडे झाले. वाचणाऱ्याला ते एकसंध दिसतात, पण रिचार्जच्या हिशेबात ते चार एसएमएस असतात. आपल्याकडील बऱ्याच रिचार्ज पॅकमध्ये दिवसाला १०० एसएमएस मिळतात. पंचवीस घरांनंतर माझे शंभर संपले, सिममध्ये वेगळी शिल्लक नव्हती, आणि उरलेल्या नावांपुढे ‘पाठवला गेला नाही’ असे लाल अक्षरांत उमटले. ते वाचायला मी जागा नव्हतो.

येथे ‘चिन्ह’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण आपण अक्षरे मोजतो तशी यंत्र मोजत नाही. ‘गुरुवारी पाणी येणार नाही.’ या वाक्यात आपल्याला अकरा अक्षरे दिसतात. यंत्र मात्र प्रत्येक काना, वेलांटी, उकार आणि मात्रा वेगळी धरते, शब्दांमधली रिकामी जागा आणि पूर्णविरामही त्यात मिळवते आणि बेरीज २५ करते. जोडाक्षरातला अदृश्य हलन्तही त्यातून सुटत नाही, म्हणून ‘कार्यकारिणी’ हा पाच अक्षरांचा शब्द ११ चिन्हे खातो. सूचनेतील ‘सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की’ ही सुरुवात किती महाग पडते, ते यावरून समजावे. ती मी सोडून दिली आहे. नोटीस फलकावर ती शोभते. एसएमएसमध्ये तारीख, वेळ आणि काम एवढे पुरते.

याचा अर्थ सूचना रोमन लिपीतच पाठवाव्यात असा मुळीच नाही. आमच्याकडील ज्येष्ठ सभासदांना रोमन लिपीतले मराठी वाचण्याचा त्रास होतो, म्हणून मी देवनागरीच वापरतो आणि मजकूर ७० चिन्हांत बसवण्याची खटपट करतो. उलट जे इंग्रजीत लिहितात त्यांनी एक काळजी घ्यावी. संपूर्ण इंग्रजी संदेशात रुपयाचे नवे चिन्ह, एखादा इमोजी किंवा वर्डमधून चिकटवताना आलेले वळणदार अवतरणचिन्ह यांपैकी एक जरी शिरले, तरी सगळा संदेश १६ बिटांच्या हिशेबात जातो, आणि १५० अक्षरांचा एकच एसएमएस तीन एसएमएसचा होतो. देखभालशुल्काची आठवण देताना रुपयाच्या चिन्हाऐवजी रोमन लिपीतले संक्षिप्त रूप लिहावे, हे यासाठीच.

दुसरी चूक मजकूर आणि यादी तयार करताना होते. पुण्यातील डीटीपीच्या दुकानांत आणि जुन्या कार्यालयांत श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या मराठी टंकनप्रणालींच्या जुन्या, युनिकोडपूर्व (युनिकोड म्हणजे सर्व लिप्यांसाठीची समाईक संगणकीय मांडणी) फाँटमध्ये टंकलेला मजकूर अजूनही भरपूर सापडतो. पडद्यावर तो स्वच्छ मराठी दिसतो, परंतु त्याच्या पोटात रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात, आणि मराठी दिसते ती केवळ त्या फाँटच्या कृपेने. तो उचलून संदेशाच्या चौकटीत चिकटवला की फाँट मागे राहतो आणि समोर अगम्य चिन्हांची रांग उभी राहते. अशा मजकुराचे आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते. छोट्या सूचनेसाठी नव्याने टंकणेच लवकर होते.

नंबरांची यादी एक्सेलमध्ये असेल तर आणखी सावध राहावे. ९१ धरून बारा आकडी झालेला मोबाइल क्रमांक एक्सेलला मोठी संख्या वाटते आणि तो त्याचे ९.१९ई+११ अशा धर्तीचे संक्षिप्त रूप दाखवतो. त्याच अवस्थेत फाइल सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातला तक्ता, म्हणून जतन केली तर मूळ अंक कायमचे नाहीसे होतात. क्रमांक भरण्यापूर्वीच त्या स्तंभाचा प्रकार ‘टेक्स्ट’ असा ठरवावा आणि सीएसव्ही जतन करताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडावा, नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. जुन्या याद्यांत ०२० पासून सुरू होणारे लँडलाइनचे क्रमांकही दडलेले असतात. त्यांवर पाठवलेला संदेश कोणाच्याही हाती पडत नाही, आणि तो सभासद पुढच्या सभेत ‘मला कधीच काही कळवले जात नाही’ असे ठामपणे सांगतो. त्याचे बरोबरच असते.

संगणक आणि फोन यांची जोडणीच होत नसेल, तर बहुतेक जण ब्राउझर बदलून पाहतात आणि संगणक पुन्हा सुरू करतात. त्याआधी फोन हातात घेऊन त्यावरूनच एक एसएमएस पाठवून पाहावा. तो गेला नाही, तर दोष सिमचा किंवा रिचार्जचा असतो आणि संगणकाशी कितीही झटापट केली तरी उपयोग होत नाही. सिम नुकतेच बदलून घेतले असेल तर पहिले २४ तास एसएमएस सेवा बंद राहते. फसवणूक रोखण्यासाठी केलेली ती तरतूद आहे. फोनमध्ये दोन सिम असतील तर एसएमएससाठी कोणते सिम नेमले आहे हे सेटिंगमध्ये तपासावे, कारण निव्वळ इंटरनेटसाठी घेतलेल्या दुसऱ्या सिमच्या पॅकमध्ये एसएमएस नसणे ही नित्याची बाब आहे.

फोनवरून संदेश जातो, परंतु संगणकावरून जात नाही, असे असेल तेव्हाच जोडणीकडे वळावे. गूगल मेसेजेसची वेब आवृत्ती चालण्यासाठी फोनमध्ये गूगल मेसेजेस हेच एसएमएसचे मुख्य ॲप असावे लागते आणि फोनला इंटरनेट मिळत असावे लागते. फोन खिशात गेल्यावर थोड्या वेळाने जोडणी तुटत असेल, तर तो बॅटरी वाचवण्याच्या सोयीचा परिणाम असण्याची शक्यता मोठी. त्या ॲपपुरते बॅटरीचे निर्बंध काढून टाकावेत. फोन आणि संगणक जोडणारे केडीई कनेक्ट हे ॲप वापरणाऱ्यांनी दोन्ही उपकरणे एकाच वायफायवर आहेत ना, हे पाहावे आणि संगणकाच्या फायरवॉलमध्ये (बाहेरच्या जोडण्या अडवणाऱ्या संरक्षक व्यवस्थेत) १७१४ ते १७६४ हे पोर्ट, म्हणजे जोडणीचे मार्ग, मोकळे ठेवावेत. विंडोजच्या ‘फोन लिंक’ या ॲपला आयफोन जोडला तर गटसंदेशांची सोय मिळत नाही. तेथे दुरुस्त करण्यासारखे काही नसते. मॅक असेल तर आयफोनच्या सेटिंगमधील ‘टेक्स्ट मेसेज फॉरवर्डिंग’ चालू करावे.

अँड्रॉइडचा एक पहारा मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. एखाद्या ॲपने अर्ध्या तासात साधारण ३० पेक्षा अधिक एसएमएस सोडले, तर फोन संशय घेऊन पडद्यावर परवानगी मागतो. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असेल तर तो प्रश्न कोणी वाचत नाही आणि पुढचे संदेश अडून राहतात. आता मी एका वेळी एकाच विंगला पाठवतो आणि फोन डोळ्यांसमोर ठेवतो.

अनेकांना एकदम पाठवताना फोनमधील गटसंदेशाची सेटिंग ‘एमएमएस’वर असेल तर ती बदलून प्रत्येकाला स्वतंत्र एसएमएस जाईल असे करावे. आरसीएस (एसएमएसची नवी, इंटरनेटवर चालणारी पद्धत) चालू असताना संदेश एसएमएस म्हणून न जाता इंटरनेटवरून जातो. पलीकडच्याचा डेटा बंद असेल तर तो वाटेतच थांबतो. घाईच्या सूचनेसाठी आरसीएस तात्पुरते बंद करणे श्रेयस्कर. पोहोच हवी असेल तर डिलिव्हरी रिपोर्ट चालू करावा, कारण ‘पाठवला’ याचा अर्थ संदेश आपल्या फोनातून निघाला, एवढाच असतो.

क्लास, मेस किंवा दिवाळीच्या फराळाची जाहिरात आपल्या दहा आकडी क्रमांकावरून करण्याचा मोह अनेकांना होतो. ही चूक महागात पडते. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यावसायिक संदेशांसाठी डीएलटी या पाठवणाऱ्यांच्या नोंदणीव्यवस्थेत नोंदणी आणि ठरलेले शीर्षक, म्हणजे क्रमांकाऐवजी दिसणारे पाठवणाऱ्याचे नाव, आवश्यक असते. २०२५ च्या दुरुस्तीनंतर दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई होऊ शकते. पहिल्या वेळी बाहेर जाणारी सेवा १५ दिवस बंद होते आणि पुन्हा तसेच केल्यास जोडणी वर्षभरासाठी तोडली जाते. नाराज ग्राहकाला १९०९ वर तक्रार करायला दोन मिनिटे पुरतात.

शेवटची चूक मी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात केली. सभासदांची यादी तेथे नीट करून घेतली, चाचणीचा एक संदेश पाठवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करून त्यांच्या संगणकाला माझा फोन जोडला आणि पैसे देऊन निघालो. दोन दिवसांनी फोनमधील जोडलेल्या उपकरणांच्या यादीत तो संगणक तसाच आढळला, म्हणजे मधल्या काळात आलेले बँकेचे ओटीपीही तेथे कोणाला वाचता आले असते. परक्या संगणकावर ‘हा संगणक लक्षात ठेवा’ हा पर्याय बंद ठेवावा आणि उठण्यापूर्वी जोडणी तोडावी. विसरलेच, तर दुकानात परत जाण्याची गरज नसते. फोनमधील त्याच यादीतून तो संगणक घरबसल्या काढून टाकता येतो.