लकव्यावरचा अभ्यास गावासोबत कसा करावा

सर्च या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने गडचिरोलीतल्या ८६ गावांमधले २०११ ते २०१३ या काळातले मृत्यू घरोघरी विचारून नोंदवले, तेव्हा सर्वांत मोठं कारण निघालं लकवा, म्हणजे मेंदूचा झटका (स्ट्रोक). दर सात मृत्यूंमागे एक. त्यातली सुमारे ८७ टक्के माणसं घरीच वारली. नवीन संशोधक आले की मी पहिल्याच दिवशी त्यांना हे सांगते, कारण दवाखान्याच्या रजिस्टरवरून अभ्यास आखला तर ही माणसं त्यात येतच नाहीत. गावाला मात्र ती नावानिशी माहीत असतात. म्हणून गावात जायचं ते प्रश्न ठरायच्या आधी.

छापील प्रश्नावली घेऊन गेलात तर लोक सही देतील, भागीदार होणार नाहीत. आधी ज्या घरात लकव्याचा माणूस खाटेवर आहे, तिथल्या बाईजवळ बसा. त्या दिवशी आधी काय दिसलं, कोणाकडे नेलं, गाडी कोणाची मिळाली, पैसे कुठून आणले? मेंदूत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांतच देता येतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून. ते तास कुठे गेले हे तिच्याकडूनच कळतं. लकव्याचं मोठं कारण वाढलेला रक्तदाब, म्हणून संशोधकाला जेवणातलं मीठ मोजायचं असतं. बाया विचारतात, बीपीच्या गोळ्या मध्येच का संपतात? हा प्रश्न अभ्यासात घ्या. माझ्या मते तोच आधी घ्या.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाची अभ्यासगटाची रीत इथे फार कामाची आहे: गटात बसून विषय समजून घ्यायचा, निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने करायचा. तुमच्या गटात आशाताई, बचतगटातल्या दोघी-तिघी, लकव्यातून सावरलेला एक तरी माणूस हवा. आणि पुजारी, म्हणजे गावातला पारंपरिक उपचार करणारा, हवाच. पुष्कळ घरं आधी त्याच्याकडे धावतात. ‘पहिले १०८ ला फोन करा’ हे त्याने म्हटलं तर लोक ऐकतात.

बैठकीला येणाऱ्यांची मजुरी बुडते. ती भरून द्या, आणि ती रक्कम प्रस्तावाच्या अंदाजपत्रकातच लिहा, नंतर तिला जागा सापडत नाही. मोहफुलं, तेंदूपत्ता, रोवणी या हंगामांत बैठक ठेवू नका. प्रश्न गोंडीत न्यायचे तर गटातल्यांकडूनच नेऊन घ्या.

रक्तदाब मोजायला गावातल्याच मुली शिकवा. माणसाला पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, दंडाच्या मापाचा पट्टा, मोजणी दोनदा. डोक्यावरची मोळी नुकतीच उतरवलेल्या बाईचा दाब लगेच घेतला तर आकडा चढाच येणार. हे गावातल्या मुलीला सांगावं लागत नाही, ती स्वतःच ‘बस बाई जराशी’ म्हणते.

ग्रामसभेचा ठराव झाला तरी प्रत्येकाची संमती वेगळी घ्यायची. नवऱ्याने हो म्हटलं म्हणजे बायकोचं झालं असं नाही.

निकाल पहिल्यांदा ग्रामसभेत सांगा, कोणाचं घर ओळखू येणार नाही अशा बेताने. आणि ज्यांचा दाब पुन्हापुन्हा १४०/९० च्या वर निघेल त्यांच्या तपासणीची व गोळ्यांची सोय प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलून, पहिला पट्टा बांधण्याआधीच पक्की करा. ती होत नसेल तोवर मोजणी सुरू करू नका.