फ्रीकोस्टर उघडण्याआधी

वर्षातून दोनदा मी माझ्या बीएमएक्सचं, म्हणजे कसरतीच्या छोट्या सायकलचं, मागचं हब (चाकाच्या मधला भाग) उघडतो. ते फ्रीकोस्टर आहे, म्हणजे सायकल मागे जाताना पेडल स्थिर राहू देणारं हब. एकदा मे संपता संपता, पाऊस यायच्या आत. दुसऱ्यांदा दसऱ्याच्या आधी, कारण हँडलला झेंडू बांधायचाच आहे तर सायकल आतूनही स्वच्छ असावी. हब बिघडलंय की नाही, याचा त्याच्याशी संबंध नाही. माझं तर मत झालंय की फ्रीकोस्टर रस्त्यावर जितके खराब होतात त्याहून जास्त उघडणाऱ्याच्या टेबलावर होतात. त्यातले दोन माझ्याच टेबलावर झाले. म्हणून पाना हातात घेण्याआधीची ही तयारी.

सगळ्यात आधी दोष हबचाच आहे ना, हे बघून घ्या. पेडल मारताना कट्कन सुटल्यासारखं वाटलं की आपण लगेच हबवर आळ घेतो. निम्म्या वेळा चेन लांबलेली असते किंवा ड्रायव्हरचे (हबवरच्या चेनच्या छोट्या दातेरी चाकाचे) दात झिजून टोकदार झालेले असतात. चेनला पट्टी लावा. अर्ध्या इंचाच्या पिचने 24 पिना पुढे गेलात की बरोबर 12 इंच भरायला हवेत. सोळांश इंचाहून जास्त वाढ दिसली तर नवी चेन घ्या आणि मग पुन्हा बघा. चेनचा ताणही तपासा. मधोमध दाबल्यावर साधारण अर्धा इंच वरखाली व्हायला हवी. क्रँक चार ठिकाणी थांबवून बघा, कारण स्प्रॉकेट (पेडलकडचं दातेरी चाक) क्वचितच अगदी गोल फिरतं. तारेसारखी ताणलेली चेन ड्रायव्हरचं बेअरिंग खाते. मग चाक जोरात हलवून बघा. आडवा ढिलेपणा जाणवला तर बेअरिंग किंवा कोन (बेअरिंगला जागेवर धरणारा नट), दोन्हींपैकी काहीतरी सैल आहे.

मग आपल्या हबात नक्की काय आहे ते माहीत करून घ्या. 1980 च्या दशकात फ्लॅटलँडवाल्यांनी, म्हणजे सपाट जागेवर कसरती करणाऱ्यांनी, पेडल उलटं मारून ब्रेक लागणारी कोस्टर हब उघडली, आतले ब्रेक काढून टाकले आणि सायकल मागे जाताना पाय स्थिर ठेवायची सोय करून घेतली. आजची क्लचवाली हब त्याच घराण्यातली. त्यांत ड्रायव्हरच्या टोकाला जाड आटे असतात आणि त्यावर क्लच बसतो. पेडल पुढे मारलं की क्लच आट्यांवरून सरकत कवचाला आतून भिडतो, चाक फिरतं. पेडल थोडं मागे घेतलं की तो सुटतो. दुसरा प्रकार कुत्र्यांचा (दातांत अडकणाऱ्या छोट्या खटक्यांचा), म्हणजे साध्या फ्रीव्हीलसारखा, फक्त कुत्रे उशिरा उठतील अशी योजना केलेली. प्रोफाइल कंपनीचा झी कोस्टर असा आहे. दोन्हींची निगा वेगळी, तेल वेगळं, सुटे भाग वेगळे. आमच्या चौकातल्या सायकलवाल्या काकांनी माझं क्लचवालं हब कानाशी धरून फिरवलं आणि ‘कुत्रे अडकलेत’ असं निदान केलं. हबात कुत्रं औषधालाही नव्हतं. पण कोनपाना त्यांनीच दिला, त्यामुळे तक्रार नाही.

आता गॅप मोजा, म्हणजे पकड लागण्याआधी पेडल किती रिकामं पुढे जातं ते, आणि हे उघडण्याआधीच करा. चेन ताणलेली असू द्या, नाहीतर चेनची ढील गॅपमध्ये मोजली जाईल. मागचं चाक हलू न देता पेडल पूर्ण सुटेपर्यंत मागे घ्या, चेनस्टेवर (चेनच्या बाजूने मागे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीवर) कागदी टेप लावून क्रँकच्या टोकासमोर पेन्सिलची रेघ मारा. मग हलक्या हाताने पुढे न्या आणि जिथे पकडेल तिथे दुसरी रेघ मारा. डोळ्याने अंदाज घेऊ नका. 25 दाती स्प्रॉकेट आणि 9 दाती ड्रायव्हर असेल तर क्रँक 30 अंश फिरला की आत ड्रायव्हर 83 अंश फिरलेला असतो, म्हणजे बाहेर किंचित दिसणारा फरक आत चांगलाच मोठा असतो. ओडिसी कंपनीच्या ‘क्लच’ नावाच्या हबसारख्या हबमध्ये ही गॅप बाहेरूनच बदलता येते. बाकी बहुतेकांत ती आतल्या वॉशरवर ठरते. तो वॉशर मी एकदा हरवला. दोन दिवस शोधला, आणि तो निघाला ज्या फडक्याला हात पुसत होतो त्याच्याच घडीत, ग्रीसला चिकटून. तोवर मी त्याच्याशिवाय हब बंद करून बसलो होतो आणि क्रँकच्या टोकाला गॅप दोन बोटं वाढली होती.

म्हणून जागा. गॅलरी नको, तिथून स्प्रिंग उडाली की थेट खालच्यांच्या तुळशीत. जमिनीवर पांढरी जुनी चादर आणि त्यावर काठ असलेली स्टीलची परात घ्या (घरच्यांना विचारून, किंवा परत तिच्यात कणीक मळली जाणार नाही याची खात्री करून). भाग निघतील त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडा आणि प्रत्येक पायरीला मोबाइलने फोटो काढा. पाने फार लागत नाहीत: 14 मिलिमीटर एक्सलच्या नटला बहुधा 17 चा पाना, कोनपाना, सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी) असेल तर सर्क्लिपची पक्कड. पक्कडीऐवजी स्क्रूड्रायव्हर वापरायचा मोह झाला तर त्या दिवशी हब उघडू नका.

सुटे भाग उघडल्यावर नाही, आधी मागवा. आपल्याकडे फ्रीकोस्टरचे भाग दुकानात टांगलेले नसतात. बाहेरून यायला महिनाभरही लागतो आणि तोवर परात अडकून पडते. एकच भाग घ्यायचा असेल तर ड्रॅग स्प्रिंग घ्या. बोल्ट फिरवताना नट बोटाने धरला नाही तर तो पुढे न सरकता बोल्टबरोबर नुसता गरगर फिरतो. क्लचवाल्या हबमध्ये ते बोट म्हणजे ही स्प्रिंग. ती क्लचला हलकंसं अडवून धरते, म्हणून क्लच आट्यांवरून सरकतो. ती ढिली पडली की पेडल कधी पकडतं, कधी फेराभर रिकामं फिरतं, आणि माणूस उगाच क्लच बदलून पैसे घालवतो. बेअरिंगची चिंता मात्र करू नका. सीलवरचा नंबर वाचा. 6902 म्हणजे आतून 15, बाहेरून 28, जाडी 7 मिलिमीटर. पुढे 2आरएस असेल तर दोन्हीकडे रबरी सील. हा नंबर घेऊन पुण्यात नाना पेठेत गेलात तर हबची कंपनी कोणी विचारतही नाही.

ग्रीसबद्दल मात्र जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या नडगीवर त्याची खूण आहे. पहिल्या पावसाळ्यानंतर मी हब गच्च भरलं होतं, चारचाकीच्या बेअरिंगला लावतात त्या घट्ट ग्रीसने. पाणी शिरू नये हा विचार. डिसेंबरच्या सकाळी फूटपाथवर चढताना पेडलवर उभा राहिलो आणि पाय थेट खाली गेला. ग्रीस थंडीने आळलं होतं, क्लच ड्रायव्हरला चिकटून त्याच्याबरोबरच फिरत होता, बिचाऱ्या स्प्रिंगचं काही चालेना. पेडल उलटून आलं आणि पिना नडगीत. तेव्हापासून क्लच आणि आटे यांवर पातळ ग्रीसचा फक्त हात फिरवतो, बोटाचा ठसा दिसेल इतकाच. अगदी कोरडंही ठेवू नका, धातूवर धातू घासून ओरखडे पडतात. कुत्रेवाल्या हबला हलकं तेल द्या, ग्रीसमध्ये कुत्रे झोपतात. आणि हबसोबत आलेल्या कागदावर काही वेगळं लिहिलं असेल तर माझं नाही, त्या कागदाचं ऐका. धुवायला डिझेल चालतं, पण सील्ड बेअरिंग त्यात बुडवू नका. आणि सर्व्हिस सेंटरचा जेट हबवर कधीच मारू देऊ नका.

उघडल्यावर क्लचचा भिडणारा काठ उजेडात तिरका धरा. एकसारखी मंद झिलई असेल तर ठीक. आरशासारखा चकचकीत पट्टा दिसला तर तो निसटत होता. ओरखडे नखाला लागत असतील तर बदलायची वेळ झाली. हा काठ झिजतो तो बहुतेक गॅप भरायच्या आधीच धाडकन पेडल मारण्याने. पाय हलकेच पुढे नेऊन पकड लागली की मग जोर लावायची सवय असेल तर क्लच जास्त वर्षं टिकतो. एक्सल काचेवर लोळवून बघा. पेग (एक्सलच्या टोकाची नळकांडी) लावून कठड्यांवर ग्राइंड करणाऱ्यांचा, म्हणजे घसरत जाणाऱ्यांचा, बहुधा वाकलेला सापडतो, आणि वाकडा एक्सल नवी बेअरिंगही खातो.

बंद केल्यावर टेपवरच्या त्याच दोन रेघांशी गॅप पडताळा. जुळली नाही तर परातीत, फडक्यात, चादरीखाली शोधा. मग पुढचं चाक भिंतीला टेकवा, क्रँक आडवा ठेवून पेडलवर हळूहळू वजन द्या, पूर्ण उभं राहा, आणि हे दहा-बारा वेळा करा. सायकल मागे ढकलून पेडल स्थिर राहतं का तेही बघा. पहिला अर्धा तास सपाटीवरच, जिने आणि कठडे दुसऱ्या दिवशी. परत आल्यावर एक्सलचे नट पुन्हा आवळा, ते पहिल्या राइडनंतर थोडे फिरतातच. काढलेली जुनी स्प्रिंग फेकू नका, तारीख लिहून डबीत ठेवा. पुढच्या वेळी नवी तिच्याशेजारी धरली की किती ढिली पडलीय ते लगेच दिसतं.