रेसिंग गेममध्ये कंट्रोलरवर गाडी नीट चालवायची तर स्टिक आणि ट्रिगर असे लावा

बरीच स्टिअरिंग व्हील एकूण ९०० अंश फिरतात. अंगठ्याखालची स्टिक मात्र एका बाजूला जेमतेम वीस-पंचवीस अंश कलते. त्यामुळे अंगठा जरासा हलला तरी गाडी नको तितकी वळते आणि सरळ रस्त्यावरही नागमोडी धावते.

आधी डेडझोन बघा, म्हणजे स्टिक जरा हलली तरी गेम दुर्लक्ष करतो तेवढा भाग. स्टिअरिंगचा आतला डेडझोन ० करा आणि स्टिकला हात न लावता सरळ रस्त्यावर गाडी पळवा. ती एका बाजूला ओढली गेली, तर ओढ थांबेपर्यंत आकडा एकेकाने वाढवा. फारच वाढवावा लागला तर स्टिकचा सेन्सर झिजलाय असं समजा. हॉल इफेक्ट स्टिक इथे सरस, कारण त्यांच्या सेन्सरमध्ये चुंबक असतो, घासणारी पट्टी नसते. मग लिनिअ‍ॅरिटी (स्टिक किती कलली की गाडी किती वळेल, हे ठरवणारी सेटिंग) मध्याजवळ वळण सौम्य होईल अशी ठेवा. आकडा वाढवायचा की कमी करायचा, हे गेमगणिक बदलतं.

वेळ वाचतो तो खरा ट्रिगरवर, म्हणजे तर्जनीने दाबायच्या गॅस-ब्रेकच्या बटणांवर. एक्सबॉक्स कंट्रोलरच्या ट्रिगरचा दाब ० ते २५५ असा मोजला जातो, म्हणजे अर्धा ब्रेकही धरता येतो. एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी सोय) बंद असताना ब्रेकचा ट्रिगर पूर्ण दाबून ठेवलात तर चाकं लॉक होतात, मग कितीही स्टिअर करा, गाडी सरळच जाते. सरळ रस्त्यावर जोरात दाबा, वळणात शिरताना हळूहळू सोडा. ट्रिगर थोडाच दाबला जावा म्हणून कंट्रोलरवर ट्रिगर लॉक असतील तर ते उघडा. ते नेमबाजीच्या गेमसाठी असतात.

स्विच प्रो कंट्रोलरचे ट्रिगर फक्त चालू-बंद होतात. गेममध्ये सोय असेल तर गॅस-ब्रेक उजव्या स्टिकवर घ्या.