जुन्या स्पोर्ट्स कारच्या एक्झॉस्टमधील जोडनळी बसवताना आणि काढताना

दोन स्वतंत्र एक्झॉस्ट असलेल्या जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये त्या दोहोंना गाडीखाली जोडणारी नळी म्हणजे क्रॉसओव्हर पाइप. इंग्रजी एच अक्षरातल्या आडव्या रेघेसारखी सरळ नळी हा तिचा एक प्रकार. दोन्ही पाइप फुलीसारखे एकमेकांत मिळवणे हा दुसरा. सोलापुरात अख्ख्या एक्झॉस्टलाच सायलेन्सर म्हणण्याची रीत असल्यामुळे कारागिराला काम नेमके बोट दाखवून सांगावे, नाहीतर मागचे डबे बदलून मिळतात.

नळी हवी की नको, याचे उत्तर इंजिनाच्या फायरिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे सिलिंडर ज्या क्रमाने पेटतात त्या क्रमात असते. शेव्हरोलेच्या जुन्या व्ही-८ इंजिनाचा (चार-चार सिलिंडरांच्या दोन तिरप्या रांगा) क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. विषम क्रमांकांचे सिलिंडर एका बाजूला आणि सम क्रमांकांचे दुसऱ्या बाजूला असल्याने प्रत्येक बाजूच्या पाइपात धुराचे ठोके क्रँकशाफ्टच्या फिरण्यात मोजल्यास ९०, १८०, २७० आणि १८० अंश अशा विषम अंतराने पडतात. लागोपाठ येणारे दोन ठोके एकाच पाइपात कोंडतात, तेव्हा शेजारचा पाइप जवळजवळ मोकळा असतो. जोडनळी हा दाब वाटून घेते, त्यामुळे मधल्या आरपीएमला इंजिन मोकळे चालते आणि आवाजातली फडफड कमी होते. याउलट जॅग्वार ई-टाइपच्या सरळ सहा सिलिंडरी इंजिनात पुढच्या आणि मागच्या तीन-तीन सिलिंडरांचे ठोके २४० अंशांच्या समान अंतराने येतात, तर फेरारी ३०८ च्या व्ही-८ मध्ये प्रत्येक बाजूला ते दर १८० अंशांनी येतात. अशा गाड्यांत नळीने पडणारा फरक थोडा असतो, म्हणून केवळ हौसेपोटी पाइप कापू नयेत असे माझे मत आहे.

जागा ठरवण्याची जुनी पद्धत अजूनही उपयोगी आहे. इंजिनापासून मागे जाणाऱ्या दोन्ही पाइपांवर साध्या ऑइलपेंटचा पट्टा लांबलचक ओढावा, तो वाळू द्यावा आणि गाडी वरच्या आरपीएमला थोडा वेळ चालवून आणावी. पाइप निवल्यावर खाली सरकून पाहिले की एका ठिकाणी रंग करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटलेला दिसतो. नळी शक्यतो तिथे, आणि तिथे गिअरबॉक्स आडवा येत असेल तर त्याच्या लगेच मागे घ्यावी. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांना फिरवणारा दांडा), हँडब्रेकची केबल आणि पेट्रोलची नळी यांपासून किमान २५ मिलिमीटर अंतर राखावे. माझी पहिली नळी गिअरबॉक्सखाली दोन बोटे लोंबत राहिली होती आणि पहिल्याच गतिरोधकाने ती चेपली. तेव्हापासून गाडीत माणसे बसवल्याखेरीज मी उंची मोजत नाही.

नळीचा व्यास मूळ पाइपाइतकाच किंवा किंचित कमी ठेवावा. फार बारीक नळी निरुपयोगी ठरते. दुकानात पटकन हाती येणारा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप मात्र घेऊ नये, कारण वेल्डिंगच्या वेळी त्यावरच्या जस्ताचा धूर विषारी असतो. टोकांना माशाच्या तोंडासारखा खोबणीचा काप द्यावा लागतो. त्यासाठी कागदाचा साचा पाइपाभोवती गुंडाळून खडूने रेघ आखावी, काप घेतल्यावर अर्धगोल कानसीने घासावे आणि सांध्यातून उजेड दिसेनासा होईपर्यंत थांबू नये. बॅटरीच्या तारा काढून नळी गाडीवरच तीन-चार टाक्यांनी धरावी, मग सगळा भाग उतरवून पक्के वेल्डिंग टेबलावर करावे. साखर कारखान्यांच्या पाइपांवर हात बसलेले आर्गॉन वेल्डर या जिल्ह्यात मिळतात, फक्त गळीत हंगामाच्या तोंडावर ते हाताशी लागत नाहीत. नळीच्या मध्ये फ्लँज, म्हणजे बोल्टने जोडता-सोडवता येणारा चकतीचा सांधा ठेवावा, म्हणजे गिअरबॉक्स उतरवताना पाइप कापावे लागणार नाहीत.

नळी काढण्याआधी ती खरोखर जोडनळीच आहे ना, हे तपासावे. एकच एक्झॉस्ट असलेल्या व्ही-८ मध्ये एका बाजूचा सगळा धूर आडव्या पाइपानेच दुसऱ्या बाजूला जातो. ती काढली तर अर्धे इंजिन सायलेन्सरविना उघडे पडेल. खरी जोडनळी काढताना तिचे ठोंब ठेवून नुसती झाकणे लावू नयेत, कारण त्या खिशात पाणी साचून पाइप आतून गंजतो. ठोंब पाइपाच्या सपाटीला कापून तिथे त्याच गोलाईची पट्टी वेल्ड करावी. काढलेला मूळ भाग भंगारात देऊ नये. ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची झाल्यास ती मूळ स्वरूपात असणे अपेक्षित असते.

काम झाल्यावर थंड इंजिनावर सायलेन्सरच्या टोकातून ब्लोअरने हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा दिसला तर पुन्हा वेल्डिंग करावे, नाहीतर ॲक्सिलरेटर सोडताच फटाके वाजतील. मग प्लगांचा रंग पाहून कार्बोरेटरचे मिश्रण जुळवावे आणि तुळजापूरपर्यंत एक फेरी मारून, पाइप पूर्ण निवल्यावर, फ्लँजचे बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत.